शिक्षकांच्या डिजिटल प्रशिक्षणात शिक्षक स्वतः काही घडवतात का?

निळी शाई

डिजिटल साधनांचं शिक्षक प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच साचा दिसतो. साधनव्यक्ती पडद्यावर एखादं अ‍ॅप उघडतात, कुठलं बटण कुठे आहे ते दाखवतात, शिक्षक वहीत टिपून घेतात, शेवटी तयार टेम्प्लेटवर एक पोस्टर होतं आणि प्रमाणपत्र हातात पडतं. त्यातलं वर्गात काय उतरलं, हे विचारायला पुन्हा कोणी येत नाही.

माझं म्हणणं असं: प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या विषयातलं एक छोटंसं काम अथपासून इतिपर्यंत स्वतः करावं. दीड मिनिटाचा ध्वनिपाठ, चार चौकटींची चित्रकथा, एखादं स्टॉप-मोशन (वस्तू थोडी थोडी सरकवत काढलेल्या फोटोंची फिल्म), काहीही. ते वर्गात वापरावं आणि मग सहकाऱ्यांसमोर ठेवून त्यावर बोलावं. बाकी सगळं ऐच्छिक ठेवलं तरी हरकत नाही.

असं का, ते एका उदाहरणावरून सांगते. विज्ञान शिकवणाऱ्या काही जणींसोबत पेशीच्या सूत्री विभाजनाचं स्टॉप-मोशन केलं. साहित्य म्हणजे काळा कागद, दोन रंगांची लोकर आणि वरून स्थिर धरलेला फोन. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही चार चित्रं आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. पण दोन चित्रांच्या मधले फोटो काढायची वेळ आली आणि प्रश्न सुरू झाले. पहिल्या फोटोत गुणसूत्र एकपदरी ठेवायचं की दुपदरी? डीएनएचं दुपटीकरण विभाजन सुरू होण्याआधीच झालेलं असतं, म्हणजे लोकरीचे दोन पदर मध्ये बांधूनच कागदावर ठेवायला हवेत. केंद्रकाचं आवरण कुठल्या फोटोपासून नाहीसं करायचं? पदर वेगळे होताना आधी काय सरकतं, टोकं की मधला भाग? पेशीतले तंतू ओढतात ते गुणसूत्रबिंदूला, म्हणजे दोन पदर जोडणाऱ्या मधल्या जागेला, म्हणून मधला भाग पुढे जातो आणि टोकं मागून फरपटत येतात. ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बायका लोकर हातात धरून त्यावर वाद घालत होत्या. कुठल्याही व्याख्यानाने हे झालं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या वूलाँगाँग विद्यापीठात गॅरी होबन यांनी भावी शिक्षकांसाठी नेमकी हीच रीत बसवली आणि तिला ‘स्लोमेशन’ म्हटलं. सेकंदाला साधारण २ फोटो, म्हणजे एका मिनिटाला १२० च्या आसपास. सिनेमाच्या २४ चौकटींपुढे हे काहीच नाही, म्हणून ते नवख्या माणसालाही जमतं.

अजून एक. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवायचा कसा हे येणं वेगळं. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडून ‘टीपॅक’ चौकट दिली. विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान अशा तीन वर्तुळांची ती आकृती प्रत्येक प्रशिक्षणात दाखवतात. पण तिच्यामागे शिक्षक-प्राध्यापकांनी गटात बसून प्रत्यक्ष अभ्यासक्रम रचण्याचं काम होतं, हे कोणी सांगत नाही. आकृती उचलली, काम मागे राहिलं.

शेवटचा बाक

साफ असहमत. कळकळ पोचली, तरीही.

तुमच्याच उदाहरणात शिकवलं कोणी? फोनने की प्रश्नाने? काळ्या कागदावर ‘मधली सहा चित्रं काढा’ असं सांगितलं असतं तरी हाच वाद झाला असता. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं: किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे कोणाचं पोषण सुधारत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं सुधारत नाही. सुधारतं ते अध्यापनाच्या पद्धतीमुळे. चाळीस वर्षं उलटली तरी या मुद्द्याला सरळ उत्तर मिळालेलं नाही.

आणि हा उत्साहही नवा नाही. १९१३ मध्ये एडिसन म्हणाले होते की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, चलच्चित्रं त्यांची जागा घेतील. मग रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. लॅरी क्युबन या इतिहासकाराने १९८६ मध्येच हे चक्र नीट मांडून ठेवलंय: आधी मोठ्या घोषणा, मग शाळांत तुरळक वापर, मग शिक्षकांवर खापर. तिसरी पायरी मला सगळ्यात जास्त खुपते. साधन चाललं नाही की शिक्षक ‘मागासलेले’ ठरतात.

एक मिनिटाच्या फिल्मला किती वेळ गेला तेही लिहा. तो वेळ वह्या तपासण्यातून, पाठाच्या तयारीतून, घरातून येतो.

निळी शाई

शेवटचा बाक, क्लार्कना उत्तर मिळालं नाही हे बरोबर नाही. रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ आणि १९९४ मध्ये सविस्तर प्रतिवाद केला आहे. पटो न पटो, पण त्यांचा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो: माध्यमाने फरक पडतो का हे विचारण्यापेक्षा, या माध्यमाच्या कुठल्या गुणाचा या विषयाला उपयोग होतो ते विचारा.

कागदावरच्या चित्रात बाण काढता येतो. ‘इथून तिथे जातं’ असं दाखवून मोकळं होता येतं. फोटोंच्या मालिकेत बाणाची सोय नाही. प्रत्येक चौकटीत ती लोकर कुठेतरी ठेवावीच लागते. त्या गुणासाठी फोन घेतला होता.

वेळेचं मात्र खरं आहे. एक अख्खी दुपार गेली. मी ती दुपार प्रशिक्षणाच्याच वेळातून मागते आहे. बटणं दाखवण्यात तेवढा वेळ आजही जातोच.

वर्तुळ

गणितवाला आहे, म्हणून दोघांपेक्षा वेगळं बोलतो. शिक्षकाने सगळं स्वतः घडवावं हा आग्रहच मला चुकीचा वाटतो.

जिओजेब्रा घ्या, पडद्यावर भूमितीच्या आकृत्या काढून त्या ओढून बदलता येतात असा प्रोग्रॅम. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केलं. आज जगभरच्या शिक्षकांनी बनवलेल्या तयार रचना फुकट मिळतात. त्रिकोणाचे तीन शिरोलंब आणि ते जिथे मिळतात तो संपातबिंदू दाखवणारी रचना मी पहिल्यापासून करत बसण्यात काय मिळवतो? कौशल्य पुढे आहे. त्रिकोण लघुकोन असताना बिंदू आत आहे. आता एक शिरोबिंदू हळूहळू ओढायचा, पण ओढण्याआधी हात थांबवायचा आणि विचारायचं: हा बिंदू कुठे जाईल? मुलांकडून वहीत अंदाज लिहून घ्यायचा. मग ओढायचं. कोन बरोबर ९० अंशांचा होतो त्या क्षणी संपातबिंदू त्या कोनाच्या शिरोबिंदूवर जाऊन बसतो आणि कोन विशाल झाला की त्रिकोणाबाहेर पडतो. ज्यांनी ‘आतच राहील’ लिहिलं होतं ती मुलं बाकावरून उठून पुढे येतात.

हाच तास हात न थांबवता घेतला तर मुलं नुसती करमणूक बघतात. प्रशिक्षण द्यायचं तर या थांबण्याचं द्या. तीच रचना दहा शिक्षकांना द्या आणि प्रत्येकाने कुठला प्रश्न कधी विचारला ते ऐका.

मध्यंतर

टेम्प्लेटच्या पोस्टरवर सगळे तुटून पडताय, म्हणून लिहिते. आमच्या एका ज्येष्ठ मॅडमना फोटो काढून तो दुसरीकडे पाठवायचीही धास्ती वाटायची. त्यांनी ते पोस्टर केलं आणि पुढच्या आठवड्यात वर्गातल्या मुलींच्या कवितांचं भित्तिपत्रक स्वतः मांडलं. पहिली पायरी लहानच असते. ती काढून टाकलीत तर अशा माणसांना चढायला जागाच उरणार नाही.

काचेचा फळा

वर्तुळ यांनी ‘थांबणं’ म्हटलं, त्यावरून मुद्द्याचं लिहायचं आहे. शिक्षकासाठी सगळ्यात उपयोगी डिजिटल साधन म्हणजे फोनमधला रेकॉर्डर.

संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात, प्रश्न बदलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हा विराम तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. वाचून कोणालाच हे स्वतःबद्दल खरं वाटत नाही. स्वतःची दहा मिनिटं ऐकली की लगेच वाटतं. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती फीत उघडली तर शांतता डोळ्यांना दिसते: आवाजाचे उंच डोंगर आणि मध्ये सपाट रेघ. माझ्या फितीत ती रेघ इतकी तोकडी होती की बोटाने दाखवतानाही निसटत होती.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास सूक्ष्म अध्यापन, म्हणजे मोजक्या मुलांसमोर छोटा पाठ घेऊन तो तपासण्याचा सराव, सुरू झालं तेव्हा व्हिडिओ चित्रण हाच त्याचा कणा होता. म्हणजे ही कल्पना साठ वर्षांची आहे आणि तेव्हा अवजड असलेलं यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी आपण शिक्षकांना फक्त सादरीकरणं सुंदर करायला शिकवतो.

शेवटचा बाक

काचेचा फळा, रो यांच्या अभ्यासाबद्दल तक्रार नाही. पण ती फीत कोणाकडे राहणार? आज तुम्ही स्वतःसाठी रेकॉर्ड कराल, उद्या ‘प्रत्येकाने महिन्याला एक व्हिडिओ अपलोड करावा’ असं परिपत्रक निघेल, परवा त्यावर श्रेणी मिळेल. मग शिक्षक खरा तास रेकॉर्ड करणारच नाहीत. निवडक पाच मुलांना तयार करून देखावा उभा करतील. आणि मुलांचे चेहरे, आवाज? अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज कुठल्या तरी सर्व्हरवर पडून राहावा, हे त्याच्या आईबापांना विचारलं का?

काचेचा फळा

विचारलंच पाहिजे. माझी अट सरळ आहे: रेकॉर्डिंग शिक्षकाच्या मालकीचं, फक्त आवाजाचं, स्वतः ऐकून पुसून टाकायचं. गटात आणायची ती फीत नाही, फीत ऐकून लिहिलेली टिपणं. वरिष्ठांना त्यातलं काही मिळणार नाही, हे सुरुवातीलाच लेखी हवं. एवढं मान्य होत नसेल तर मीही म्हणेन की रेकॉर्ड करू नका.

शेवटचा बाक

हे मान्य.

आता मूळ प्रस्तावाकडे. ‘करून बघा, वर्गात वापरा, सहकाऱ्यांशी बोला’ याला पुरावा म्हणून मायकेल गॅरेट आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास नेहमी पुढे करतात. अमेरिकेतले गणित-विज्ञानाचे १,०२७ शिक्षक. विषयाला धरून, दीर्घकाळ, गटाने केलेलं प्रशिक्षण उपयोगी पडतं असा निष्कर्ष. पण तो फरक शिक्षकांनी स्वतःच सांगितलेला होता. त्याच गॅरेट यांनी २००८ मध्ये कसून प्रयोग केला, दुसरीला वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांवर, ९० शाळांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून. शिक्षकांचं ज्ञान वाढलं. मुलांच्या चाचणीतल्या गुणांत लक्षणीय फरक नाही. सोबत मार्गदर्शक देऊनही नाही.

मी शिक्षक शिकण्याच्या विरोधात नाही. पण ‘घडवलं की मुलं शिकतात’ हा दावा एवढ्या खात्रीने करू नका.

निळी शाई

तो दावा मी केलेला नाही. पेशीविभाजन करताना शिक्षिकांना स्वतःच्या समजुतीतली भोकं दिसली, एवढंच मी लिहिलंय आणि तेवढ्यासाठीसुद्धा ते करण्यासारखं आहे असं मानते. गुणांत दिसायला मधल्या किती तरी गोष्टी जुळाव्या लागतात. ज्याला जे नीट कळलेलं नाही ते त्याने शिकवत राहावं, हे मात्र मला गुण वाढले नाहीत तरी चालणार नाही.

दुसरी घंटा

एक वर्तमानातला प्रश्न. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आज ‘सूत्री विभाजनावर दहा स्लाइड’ म्हटलं की मिनिटात तयार. चित्रं, प्रश्नावली, सगळं. मग ‘घडवायला’ लावून काय उपयोग? शिक्षक ते एआयकडून करून आणतील आणि प्रमाणपत्र घेतील.

शिवाय अशा स्लाइड गच्च भरलेल्या असतात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसलंय की विषयाशी संबंध नसलेली सजावट शिकण्यात अडथळा आणते आणि आवाजात सांगितलेलं तेच वाक्य पडद्यावरही लिहिलं तर सहसा मदत होत नाही. माझ्या मते यापुढचं प्रशिक्षण ‘काय काढून टाकायचं’ याचं हवं. तयार स्लाइड द्यायच्या आणि शिक्षकाने त्यातलं काय वगळलं, का वगळलं, कुठे चूक सापडली ते सांगायचं.

वर्तुळ

दुसरी घंटा, हे आवडलं. याला फार साधनंही लागत नाहीत.

निळी शाई

दुसरी घंटा, वगळणं शिकवाच, मीही घेईन तो वर्ग. पण चूक पकडायला ती ओळखू यावी लागते. गुणसूत्र पहिल्या चौकटीत दुपदरी हवं हे ज्याला स्वतः कधी ठरवावं लागलं नाही, तो एआयच्या चित्रातलं एकपदरी गुणसूत्र बघून पुढे जाईल. म्हणून आधी एकदा लोकर हातात घ्या, मग तयार चित्रं तपासा.

मध्यंतर, तुमच्या ज्येष्ठ मॅडमचं वाचून माझ्या मांडणीत एक बदल करते: पोस्टर राहू द्या, पण मोकळ्या कागदावर आणि स्वतःच्या पुढच्या पाठाचं.

शेवटचा बाक

ठीक. मग प्रस्ताव पूर्ण लिहा. ज्या आठवड्यात शिक्षक हे करतील त्या आठवड्यात त्यांच्या किती तासिका कमी होतील आणि त्या कोण घेईल? हे दोन आकडे नसतील तर माझा विरोध कायम.

निळी शाई

चार तासिका. दोन घडवायला, एक वर्गात वापरताना सहकाऱ्याने येऊन मागे बसायला, एक नंतर बोलायला. त्या घ्यायला जोडीतला दुसरा शिक्षक, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. एकशिक्षकी शाळेत हे जमत नाही, तिथे बदली शिक्षक द्यावाच लागेल. तो मिळत नसेल तर तिथल्या शिक्षकावर ही सक्ती नको, हे माझ्याही प्रस्तावात लिहून घ्या.