मदत हवी आहे: काळ्या मातीत शोषखड्ड्याचं पाणी जिरत नाही

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आमची द्वितीय वर्षाची मुलं गावात सांडपाण्याचे शोषखड्डे करणार आहेत. गाव परभणी जिल्ह्यातलं, माती पक्की काळी. चाचणीसाठी एका घरामागे चार फूट खड्डा खणून पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जवळपास तेवढंच, वर डास. आणखी दोन फूट खाली गेलो, तरी मुरूम लागला नाही. दगडगोटे, विटांचे तुकडे, तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं हे सगळं मुलांना पाठ आहे. अडचण जमिनीची आहे.

जेसीबीला पैसे नाहीत, श्रमदानच. पाणी फक्त आंघोळ-भांड्यांचं, संडासाचं नाही. हातपंप जवळ आहे, त्यामुळे ‘बोअर मारून खाली सोडा’ हा सल्ला कृपया नको (सरपंचांनी तोच दिलाय!). परसात केळी-अळू लावण्यापुरती जागा आहे.

अशा मातीत कुणाचा शोषखड्डा पावसाळ्यातही चाललाय का? की सरळ परसबागच करावी, आणि तसं केलं तर पाच माणसांच्या घराचं पाणी साधारण किती केळी पितील?