'पुट ऑफ' म्हणजे नक्की काय? प्लीज मदत करा

नमस्कार मंडळी, माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये झालंय आणि आता अंधेरीला लिफ्ट मेंटेनन्सच्या ऑफिसात कोऑर्डिनेशन बघते, मेल रोजचेच आहेत आणि तसं जमतं पण गेल्या आठवड्यात मोठी चूक झाली. एका सोसायटीच्या मॅनेजरचा मेल आला, 'सर्व्हिसिंग हॅज बीन पुट ऑफ, विल कन्फर्म टुमॉरो.' घरी आम्ही फॅन पुट ऑफ कर म्हणतो ना, म्हणजे बंद, तर मला वाटलं काम कॅन्सल. रजिस्टरमध्ये लाल पेनाने काट मारली, दोन्ही टेक्निशियन ठाण्याला पाठवले. कन्फर्मचं तेवढं वाचलंच नाही नीट. दुसऱ्या दिवशी फोन, मग उद्या सकाळी येताय ना? माणूसच नव्हता. त्या बिल्डिंगमध्ये नवव्या मजल्यावर एक आजी राहतात, लिफ्ट मध्येच अडकते म्हणून त्या खालीच उतरत नाहीत, ते ऐकल्यापासून मला फार वाईट वाटतंय.

मग काल ऑफिसातली एक मुलगी म्हणाली 'आय वॉज पुट ऑफ बाय हिज टोन.' फोन आल्यावर कळलं होतं की पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पण आता माणूस कसा पुढे ढकलणार? डिक्शनरीत पाच-सहा अर्थ दिलेत, वाचून अजून गोंधळ. कोणी लक्षात राहील असं सांगाल का?

प्रतिसाद:

ताई, लाइट-फॅनला पुट ऑफ म्हणजे बंदच, आपल्याकडे सर्रास म्हणतात, त्यामुळे तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. पण ऑफचा मूळचा अर्थ 'लांब, दूर' असा आहे, तो धरून बघा. काम पुट ऑफ म्हणजे आजपासून लांब नेऊन ठेवलं, पुढे ढकललं. टोनमुळे पुट ऑफ म्हणजे तिचं मन त्या माणसापासून लांब गेलं, उतरलं त्याच्यावरून. आणि ठरलेलं काम रद्द केलं तर कॉल ऑफ. आपणही 'बोलून बसले' म्हणतो त्यात कोणी बसलेलं नसतं, तसंच हे, दोन शब्द मिळून अर्थ बनतो, सुटा पुट बघून काही कळत नाही.

वापरताना एक सांभाळा, 'पुट द मीटिंग ऑफ' आणि 'पुट ऑफ द मीटिंग' दोन्ही चालतं पण इट आलं की ते मध्येच, 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी, 'शी पुट ऑफ गोइंग टु द डॉक्टर', इथे 'टु गो' नाही चालत.

आणि असा मेल परत आला की काट मारायच्या आधी एका ओळीचं उत्तर पाठवा, 'इज इट पोस्टपोन्ड ऑर कॅन्सल्ड?' यात कमीपणा काही नाही, मी पंधरा वर्षं नोकरी करतोय आणि आजही विचारतो. त्या आजींच्या लिफ्टचं काम झालं का?