मदत हवी आहे : १४ कॅरेटची निब, तरी पहिला फराटा कोरडा

मंडळी, इंदुरात फाउंटन पेनची निब घासून देणारं कुणी खात्रीचं आहे का? राजवाड्याच्या आसपास असेल तर उत्तमच. पेन चांगलं महागाचं, पण शब्दाचा पहिला फराटा कोरडा जातो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून निब आणि खालची जीभ (निबला शाई पोचवणारा भाग) धुतली, शाई बदलली, फरक शून्य. दहापट भिंगातून बघता टोकाच्या फटीच्या आतल्या कडा जास्तच गोलावलेल्या दिसतात, त्यामुळे शाई कागदाला टेकतच नाही. टोक तर सोन्याचं नसतंच, कठीण मिश्रधातूचं असतं. मग एवढे पैसे कशाचे? १२००० ग्रिटच्या मायक्रोमेशवर (अगदी बारीक पॉलिश कागदावर) इंग्रजी आठचे आकडे घरीच काढावेत का? किती? जास्त घासलं तर टोक चपटं व्हायचं. की सरळ स्टीलच्या निबचं साधं पेन घ्यावं?