प्रेअरीतली बदकं वाचवायला सापळे हवेत की गवत?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

धसकट
अमेरिकेतल्या आयोवापासून कॅनडातल्या आल्बर्टापर्यंतच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानांत, हिमनद्यांनी मागे ठेवलेले लाखो उथळ पाणखळगे आहेत. उत्तर अमेरिकेतली निम्मी तरी रानबदकं तिथे जन्मतात. घरटं मात्र पाण्यात नसतं. मॅलार्ड, तलवार बदक, थापट्या, गडवाल या बदकांच्या माद्या काठापासून लांब, गवतात जमिनीवर अंडी घालतात आणि लाल खोकड, स्कंक, रॅकून, बॅजर ती खातात. त्यावरचा एक उपाय म्हणजे मार्च ते जुलै पगारी सापळेवाला नेमून हे प्राणी काढणं.

माझा या सापळ्यांना विरोध आहे, पण प्राणिदयेपोटी नाही. सापळे उचलले की पुढच्या वसंतात आजूबाजूची तरुण जनावरं मोकळ्या जागेत शिरतात, म्हणजे खर्च दरवर्षी नव्याने. गवताचं तसं नाही. अमेरिकेच्या १९८५च्या शेती कायद्यातून संवर्धन राखीव योजना आली, शेतकऱ्याला भाडं देऊन पडीक ठेवलेल्या जमिनीवर बारमाही गवत उभं राहिलं आणि १९९२ ते १९९७ या काळात अमेरिकेच्या बाजूच्या पाणखळग्यांच्या पट्ट्यात त्यामुळे सुमारे १ कोटी २४ लाख जादा बदकं तयार झाली. इतकं काम कुठल्या सापळ्याने केलंय?

कुंपणापलीकडे
तुलनाच चुकतेय. ती योजना कोट्यवधी एकरांची होती, सापळ्यांचे प्रयोग काही डझन चौरस किलोमीटरचे. एकरी हिशेब मांडा की.

मॅलार्डची संख्या नुसती टिकायची तर साधारण १५ टक्के घरटी यशस्वी व्हायला हवीत, म्हणजे त्यांतलं निदान एक अंडं फुटून पिल्लू बाहेर पडायला हवं. गहू-सोयाबीनने वेढलेल्या भागात अनेक वर्षं तेवढीही होत नाहीत. मॅलार्डच्या संख्यावाढीतला चढउतार कशाने ठरतो यावर २००२ साली विश्लेषण झालं, त्यात घरट्यांच्या यशाचा वाटा ४३ टक्के निघाला. विणीच्या हंगामात माद्या जगण्याचा १९, पिल्लं जगण्याचा १४. म्हणजे दुखणं नेमकं कुठे आहे ते माहीत आहे. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात १९९०च्या दशकात सुमारे ४१ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यांवर सस्तन शिकारी काढले तेव्हा घरट्यांचं यश ४२ टक्के आलं, न काढलेल्या पट्ट्यांवर २३.

पट्टा मोठा हवा, हीच मेख आहे. शंभर-दोनशे एकरांच्या तुकड्यावर सापळे लावले तर रॅकून रात्री बाहेरून येऊन जातो. एका माणसाला रोज फेरी मारता येईल इतकं क्षेत्र धरायचं, कुंपणाच्या कडा, मोऱ्या, पडक्या गोठ्यांच्या आसपास सापळे ठेवायचे आणि मार्चमध्येच सुरू करायचं. मेमध्ये सुरू केलंत तर लवकर अंडी घालणाऱ्या माद्यांचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

घातांक
दोघांच्याही आकड्यांआधी ते मोजतात कसे ते पाहा. इथेच सर्वाधिक फसगत होते.

दोन गाड्यांमध्ये पन्नासेक मीटरची साखळी बांधून गवतावरून ओढतात. मादी उडाली की घरटं सापडतं. हे सकाळी ७ ते दुपारी २ दरम्यान करायचं, कारण अंडी घालण्याच्या दिवसांत मादी दुपारनंतर घरट्यावर नसते. घरट्यापासून चार मीटरवर, ठरलेल्या एकाच दिशेला बारीक काठी रोवायची. घरट्यालाच खूण केली तर कावळ्याला पत्ता दिल्यासारखं होतं. अंडं नळीच्या तोंडाशी धरून सूर्याकडे पाहिलं की गर्भ किती दिवसांचा ते कळतं. मग दर ७ ते १० दिवसांनी फेरी.

समजा ६० घरटी सापडली आणि २८ फळली. टक्केवारी ४७. पण हे खोटं यश आहे. पहिल्या आठवड्यातच फस्त झालेली घरटी तुम्हाला सापडलेलीच नसतात. म्हणून मेफिल्ड या पक्षी-अभ्यासकाची पद्धत वापरतात: ही घरटी मिळून ६४० दिवस नजरेखाली होती, ३२ गेली, म्हणजे रोज टिकण्याची शक्यता ०.९५. मॅलार्डला ९ अंड्यांचे ९ दिवस आणि उबवणीचे २६, एकूण ३५. ०.९५चा ३५ वा घात काढा, १७ टक्के येतात. ०.९७ झाली तर ३४. रोजच्या नुकसानीत दोन टक्क्यांचा फरक आणि निकाल दुप्पट. कुठल्याही संस्थेचं पत्रक वाचताना यश कोणत्या पद्धतीने काढलंय ते आधी बघा.

खडकओहोळ
कुंपणापलीकडे, तुमच्या काढायच्या यादीत कायोटी (लांडग्याच्या कुळातला, त्याच्याहून लहान प्राणी) आहे का? असेल तर काढून टाका. जिथे कायोटीचा वावर तिथे लाल खोकड टिकत नाही, आणि कायोटीच्या एका कुटुंबाचं क्षेत्र खोकडाच्या कित्येक पट मोठं, त्यामुळे घरटी शोधणारी तोंडं कमी. नॉर्थ आणि साउथ डकोटातल्या अभ्यासात (१९९५) खोकडाच्या भागात घरट्यांचं यश १७ टक्के होतं, कायोटीच्या भागात ३२. फुकटात मिळणारी ही वाढ आहे. मेंढपाळांसाठी कायोटी मारायचा आणि मग बदकांसाठी खोकड पकडायला दुसरा माणूस ठेवायचा, असा उद्योग तिथे बरीच वर्षं चालला.

कुंपणापलीकडे
कायोटीबद्दल मान्य, तो सोडावाच. पण स्कंक आणि रॅकून कायोटीला फारसे जुमानत नाहीत.

आणि धसकट, तुमचं गवत किती टिकलं? राखीव योजनेचे करार १० ते १५ वर्षांचे. २००७ मध्ये देशभर ३ कोटी ६८ लाख एकर होते, मका-सोयाबीन महागले आणि २०१५ पर्यंत २ कोटी ४२ लाखांवर आले. गेलेलं बरंचसं नांगराखाली. मग 'दरवर्षी नव्याने' हा आक्षेप फक्त सापळ्यांवरच का?

धसकट
म्हणूनच मी भाड्याच्या नाही, कायमच्या हक्कांच्या बाजूने आहे. १९५८ पासून अमेरिकेचं वन्यजीव खातं शेतकऱ्याकडून खळग्यावरचा हक्क विकत घेतं: पाणी काढायचं नाही, भरायचं नाही, सपाट करायचं नाही, जाळायचं नाही. खळगा आपोआप सुकला तर पेरा. गवताच्या करारात नांगरट बंद, गुरं चारायला मोकळीक, कापणी मात्र १५ जुलैनंतर. जमीन विकली तरी करार सातबाऱ्याला चिकटलेला राहतो, असं समजा. पैसा बराचसा बदकांची शिकार करणाऱ्या माणसांना सक्तीच्या बदक-तिकिटातून येतो, आज ते २५ डॉलरला आहे.

खळगे गेले तर सापळे कोणासाठी लावायचे? १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत आयोवाने ८९ टक्के पाणथळी घालवल्या, नॉर्थ डकोटाने ४९. आता मीटरभर खोल सच्छिद्र प्लास्टिक पाइप पुरले की दोन हंगामांत खळगा शेत होतो. पहिले जातात ते एप्रिलमध्ये गुडघाभर पाणी धरणारे छोटे खळगे. ते लवकर तापतात, त्यात किडे-अळ्या होतात आणि अंडी घालणाऱ्या मादीला प्रथिनं तिथूनच मिळतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर नदी-ओढ्यांशी पृष्ठभागावरून जोडलेल्या नसलेल्या पाणथळींवरचं केंद्रीय जलकायद्याचं छत्र गेलं. बहुतेक खळगे नेमके तसेच, सुटे. शिवाय गवतावर फक्त बदकंच राहतात असं नाही. उत्तर अमेरिकेतले गवताळ पक्षी १९७० पासून निम्म्याहून जास्त घटलेत, सापळ्यांचा त्यांच्यासाठी हिशेब कोणी मांडत नाही.

माळटिटवी
तुम्ही दोघं मॅलार्डभोवतीच फिरताय. तलवार बदक १९५०च्या दशकाच्या मध्यात १ कोटीच्या आसपास होतं, आता २० लाखांच्या घरात. मॅलार्ड सावरतो, हे सावरत नाही, कारण ते गव्हाच्या गेल्या वर्षीच्या धसकटांत, एप्रिलमध्ये अंडी घालतं आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यावरून पेरणीची पाळी फिरते. घरटं गेलं की मॅलार्ड पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, तलवार बदक सहसा कमी वेळा. इथे खोकडाचा दोष ट्रॅक्टरइतका नाही. उपाय आहे हिवाळी गहू: सप्टेंबरमध्ये नांगर न घालता धसकटांतच पेरायचा, वसंतात शेतात यंत्र फिरतच नाही. धसकट उंच ठेवावं लागतं, म्हणजे बर्फ अडकून रोपांवर पांघरूण राहतं. नाहीतर कडाक्याच्या थंडीत पीक मरतं आणि शेतकरी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

(उजनी-जायकवाडीवर हिवाळ्यात येणारे थापटे आणि तलवार बदकं याच जातींची, पण ती उत्तर-मध्य आशियातून येतात. खोकडं पकडून आपल्याकडचं काही सुधारणार नाही, तो धागा इथे नको.)

राखरांगोळी
धसकट, 'करार घेतला की झालं' हे मात्र पटत नाही. हात न लावलेली प्रेअरी बिघडते. स्मूथ ब्रोम आणि केंटकी ब्लूग्रास ही बाहेरची गवतं शिरतात, वाळक्या पाल्याचा थर साचतो. ब्रोमला मारायचं तर त्याचं खोड वाढायला लागतं तेव्हा, साधारण मे महिन्यात, आग लावावी लागते. म्हणजे बरोबर बदकं रवणाला बसलेली असताना. म्हणून एका वर्षी फार तर तिसरा-चौथा हिस्साच जाळतात. आर्द्रता ३० ते ५० टक्के, वारा ताशी ८ ते २४ किलोमीटर आणि एका दिशेचा. वारा जिकडे जातो त्या टोकाला आधी उलटी, म्हणजे वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग लावून जळका काळा पट्टा रुंद करायचा, मग बाजूंनी, शेवटी वाऱ्याबरोबरची. आर्द्रता ३०च्या खाली गेली तर ठिणग्या पट्ट्यापलीकडे उडतात, ५०च्या फार वर असेल तर आग मध्येच विझते आणि ब्रोम हसत उभा राहतो. या कामाची माणसं-टँकर सापळेवाल्याइतकीच दरवर्षी लागतात.

कुंपणापलीकडे
मग माझी अट लिहून ठेवतो. जिथे सलग गवत बरंच आहे तिथे सापळे नकोत, कायोटीला राहू द्या. जिथे खळगे शिल्लक आहेत पण गवत पाच-दहा टक्क्यांवर आलंय, आणि मेफिल्डने काढलेलं यश १५च्या खाली आहे, तिथे सापळे किंवा जाळीची नळघरटी. नळघरटं म्हणजे तारेच्या जाळीच्या दोन थरांत जवसाचा पेंढा भरून केलेली, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची आणि ९० लांबीची आडवी नळी, पाण्यावर मीटरभर उंच खांबावर. यश बहुधा ६० टक्क्यांच्या वर.

माळटिटवी
आणि वापरतो जवळपास फक्त मॅलार्ड.

कुंपणापलीकडे
हो, ते खरं. शिवाय पेंढा दर हिवाळ्यात बदलावा लागतो, तळं गोठलेलं असताना बर्फावरून चालत जाऊन. दोन वर्षं पेंढा बदलला नाही तर मादी आत बसत नाही आणि तळ्यात नुसते खांब उभे राहतात.