‘रूट आउट’, ‘इरॅडिकेट’, ‘एक्सटर्पेट’: शोधून काढायचं की उपटून काढायचं?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)
कुनो राष्ट्रीय उद्यानातल्या चित्त्यांवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘एक्सटर्पेट’, ‘इरॅडिकेट’, ‘वीड आउट’ आणि ‘रूट आउट’ हे चारही शब्द त्यात आहेत आणि शब्दकोश चौघांपुढेही ‘समूळ नष्ट करणे’ एवढंच लिहितो. त्यातही एका वाक्यात ‘रूट आउट’ हा संस्थानकाळातल्या शिकारीच्या नोंदी शोधण्यासाठी आलाय. मग हा शब्द शोधण्याचा की संपवण्याचा?

उत्तर
दोन्हींचा. इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द होते. एक ‘रूट’ म्हणजे झाडाचं मूळ, तो जुन्या नॉर्समधून आला. दुसरं जुन्या इंग्रजीतलं क्रियापद, अर्थ डुकराने नाकाडाने जमीन उकरणे. पुढे दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार एक झाले.

अर्थ ठरवायला कर्म बघा. लाचखोरी, कीड असं नकोसं काही असेल तर ‘उपटून काढणे’, ‘मुळासकट काढून टाकणे’. जुनी पावती, फोटो, नोंदवही असं हवंसं असेल तर ‘हुडकून काढणे’. कर्म फितूर माणूस असेल तर इंग्रजी शब्द दोन्ही कामं एकदम करतो: आधी हेरायचा, मग हाकलायचा. मराठीत तिथे एका क्रियापदाने भागत नाही. ‘फितुरांना हुडकून बाहेर काढलं’ असं सरळ लिहावं.

आपलं ‘काढणे’ही असंच दुतोंडी आहे, म्हणून त्याच्या आधीचं रूप नीट निवडायला हवं. ‘शोधून काढणे’त वस्तू हाती येते, ‘उपटून काढणे’त जाते. ‘पिंजून काढणे’चं कर्म मात्र वस्तू नसून जागा असते. जंगल पिंजून काढतात, हरवलेली वस्तू नाही. अनुवादात ‘पोलिसांनी आरोपी पिंजून काढला’ अशी वाक्यं येतात, ती इथेच घसरतात. आणि ‘उकरून काढणे’ जपून वापरा. जुन्या नोंदींना ते लावलं की जुनं भांडण वर काढल्याचा वास येतो.

‘फेरेट आउट’ फक्त शोधण्याचं. सशांच्या बिळांच्या तोंडांवर जाळी लावून आत फेरेट नावाचा पाळीव प्राणी सोडतात, घाबरलेला ससा बाहेर येऊन जाळीत अडकतो. म्हणून लपवलेली माहिती चिकाटीने बाहेर आणली की हा शब्द. ‘छडा लावणे’ पुरेसं आहे. फेरेटच्या जागी मुंगूस आणायची गरज नाही.

दुसरं उत्तर, चित्त्यांच्या वाक्यापुरतं
जीवशास्त्रात ‘एक्सटर्पेट’ म्हणजे एखादी जात एका प्रदेशातून संपणे. ती दुसरीकडे जिवंत असते. भारतातला चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचं जाहीर झालं, पण आशियाई चित्ता इराणमध्ये थोड्या संख्येने अजून आहे. म्हणून नुसतं ‘चित्ता नामशेष झाला’ लिहिणं चूक. ‘भारतातून’ हा शब्द गाळायचाच नाही.

माझी पसंती ‘उच्चाटन’ला. तंत्रविद्येतल्या षट्कर्मांत, म्हणजे सहा कर्मांत, उच्चाटन आणि मारण ही दोन निराळी कर्मं आहेत: उच्चाटन म्हणजे जागेवरून हुसकावणे, मारण म्हणजे जीव घेणे. जागेचा हा धागा ‘एक्सटर्पेट’शी नेमका जुळतो. फक्त उच्चाटनाला करणारा लागतो. वाक्यात शिकारीचा उल्लेख असेल तर ‘शिकारीमुळे भारतातून चित्त्याचं उच्चाटन झालं’, नसेल तर ‘चित्ता भारतातून नाहीसा झाला’.

त्याच परिच्छेदात १७ सप्टेंबर २०२२चा उल्लेख असणार. त्या दिवशी नामिबियाहून ८ चित्ते विमानाने आपल्या ग्वाल्हेरला उतरले आणि हेलिकॉप्टरने कुनोला गेले. ते आफ्रिकी उपजातीचे आहेत, तेव्हा ‘तेच चित्ते परत आले’ असा अर्थ निघणार नाही हे बघा.

तिसरं उत्तर
‘इरॅडिकेट’ला ‘निर्मूलन’ अगदी चपखल. लॅटिन शब्दातही ‘मूळ बाहेर’ एवढंच आहे. घोटाळा ‘एलिमिनेट’शी होतो. आरोग्याच्या परिभाषेत ‘इरॅडिकेशन’ म्हणजे जगभरात कायमचं शून्य. माणसांच्या रोगांत हे फक्त देवीच्या बाबतीत झालं, १९८० साली तसं जाहीर झालं. ‘एलिमिनेशन’ एखाद्या देशापुरतं किंवा प्रदेशापुरतं असतं आणि लसीकरण, पाहणी चालूच ठेवावी लागते. भारताला मार्च २०१४मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं ते या दुसऱ्या प्रकारचं. कुष्ठरोगात तर ‘एलिमिनेशन’ म्हणजे शून्यसुद्धा नाही, दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण.

ग्वाल्हेरात ही चूक हमखास होते, कारण समोरच्या हिंदी फलकावर ‘क्षय उन्मूलन’ असतं आणि हात आपोआप ‘निर्मूलन’ लिहितो. त्या कार्यक्रमाच्या मूळ इंग्रजी नावात ‘एलिमिनेशन’ आहे. महाराष्ट्रात ‘क्षयरोग दूरीकरण’ लिहितात, तेच घ्या. हिंदीवरून अनुवाद करू नका, इंग्रजी शब्द कोणता होता ते आधी पाहा.

चौथं उत्तर
‘वीड आउट’ राहिलं. त्यात पीक उभं राहतं, फक्त तण जातं, म्हणून ‘समूळ नाश’ तिथे बसतच नाही. शेतात ‘निंदणी’ किंवा ‘खुरपणी’. अर्जांत ‘छाननी करून वगळणे’. कचेरीच्या दप्तरात ‘छाटणी’, म्हणजे मुदत संपलेल्या फायली वेगळ्या काढून नष्ट करणे आणि कायम ठेवायच्या तशाच ठेवणे.

‘एक्सपंज’ही पुढेमागे भेटेल. तो फक्त लिखित नोंदीला लागतो. लोकसभेच्या नियम ३८०खाली अध्यक्ष असंसदीय शब्द कामकाजातून काढतात, त्याला ‘कामकाजातून वगळले’ म्हणावं. ‘नष्ट केले’ नको.

प्रश्नकर्ता
मग शिकारीच्या नोंदींचं वाक्य असं करतो: ‘संस्थानाच्या दप्तरातून शिकारीच्या जुन्या नोंदी हुडकून काढल्या.’ चालेल?

पहिलं उत्तर देणारा
चालेल. ‘दप्तर पिंजून काढून जुन्या नोंदी मिळवल्या’ हेही शुद्ध आहे, पण मूळ वाक्यात शोधाची जागा सांगितलेली नसेल तर ‘दप्तरातून’ पदरचं घालू नका.