केनेडी हत्या आणि रॉक गाणी: ‘मारेकरी कोण’ या वादात गाण्याने बाजू घ्यावी का?

मंद्रसप्तक (प्रश्न)

बॉब डिलन यांनी २७ मार्च २०२० रोजी, कोणतीही पूर्वसूचना न देता, ‘मर्डर मोस्ट फाउल’ हे सुमारे १७ मिनिटांचे गाणे प्रसिद्ध केले. तेव्हापासून मी ते पुष्कळदा ऐकले आहे आणि दर वेळी एकाच जागी अडखळतो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये झालेली राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची हत्या हा गाण्याचा विषय आहे. पण गाण्यातला मारेकरी एक नाही. तिथे ‘ते’ आहेत, त्यांना जुनी देणी वसूल करायची आहेत, आणि जादूची गोळी (एकाच गोळीने अनेक जखमा केल्या हा दावा), जिथून दुसऱ्याने गोळी झाडली असे म्हणतात त्या गवताळ टेकाडामागची हालचाल, झप्रूडर या प्रेक्षकाने टिपलेली हत्येची चित्रफीत अशी कटाच्या सिद्धान्ताची सगळी परिचित सामग्री ओळीओळीतून येत राहते.

या प्रकरणाचे माझे वाचन बरेच आहे. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने सप्टेंबर १९६४ मध्ये सादर केलेल्या ८८८ पानी अहवालात घाई झाली, उणिवा राहिल्या, हे मला मान्य आहे. तरीही टोपणनावाने टपालाने मागवलेली इटालियन रायफल, ती सापडली तो पुस्तक-भांडाराच्या इमारतीचा सहावा मजला आणि हत्येनंतर सुमारे पाऊण तासाने झालेला पोलीस अधिकारी टिपिट यांचा खून, हे सारे एकत्र ठेवले की ली हार्वी ओस्वाल्ड यानेच, आणि एकट्यानेच, हे कृत्य केले असे मला वाटते. मग ज्या कलावंताच्या शब्दांवर माझा इतका विश्वास आहे, त्याने पुराव्याच्या विरुद्ध जाणारी बाजू का घेतली असावी? की ती बाजू डिलन यांची नाहीच आणि मी गाणे चुकीच्या अपेक्षेने ऐकतो आहे? या हत्येवर इतर रॉक कलावंतांनी लिहिताना काय निवडले आणि काय टाळले, हेही जाणकारांकडून समजून घ्यायला आवडेल.

सहावी तार

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला गाण्याच्या शीर्षकातच दिसते. हे शब्द शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील आहेत आणि ते उच्चारतो खून झालेल्या राजाचा पिशाच्चरूप आत्मा. मारले गेलेल्या राजानेच येऊन आपला खून कसा झाला आणि कोणी केला हे सांगावे, अशी ती रचना आहे. पण हॅम्लेट त्या साक्षीवर लगेच विश्वास ठेवत नाही. ती पडताळून पाहण्यासाठी तो दरबारात नाटक उभे करतो. भुताची साक्ष ऐकायची असते आणि तपासायचीही असते, ही गोष्ट डिलन यांनी शीर्षकातूनच आपल्या हाती दिलेली आहे.

आता गाण्यात ‘मी’ कोण आहे ते पाहा. सुरुवातीला निवेदक बाहेरून बोलतो. पुढे एकाएकी गाडीच्या मागच्या आसनावर पत्नीशेजारी बसलेला माणूस बोलू लागतो, त्याचे डोके तिच्या मांडीवर कलंडते, म्हणजे बोलणारे केनेडी स्वतः आहेत. एका ठिकाणी आपण निव्वळ बळीचा बकरा आहोत असे म्हणणारा आवाज येतो. तो अर्थातच ओस्वाल्डचा, कारण पोलीस कोठडीत वार्ताहरांसमोर त्याने तेच म्हटले होते. आणि डिलन बळीच्या बकऱ्यासाठीच्या ‘पॅट्सी’ या इंग्रजी शब्दाला लागूनच गायिका पॅट्सी क्लाइन यांचे नाव आणतात. मारेकऱ्यांचा आवाजही आहे. देणी वसूल करायला आलो आहोत, हे वाक्य त्यांच्या तोंडचे आहे. अनेक आवाज एकमेकांना छेद देत असताना त्यांतला एक उचलून ‘हे कवीचे मत’ असे म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. पोवाड्यात शाहीर कोणाच्या बाजूचा आहे हे पहिल्या कडव्यात कळते. इथे गाणाऱ्याची बाजू शेवटपर्यंत हाती लागत नाही.

तरीही आपली अस्वस्थता निराधार नाही. हजारो लोक पाहत होते आणि कोणालाच काही दिसले नाही, अशा आशयाची ओळ या गाण्यात आहे. वस्तुस्थिती म्हणून ती खरी नाही, कारण खिडकीतली रायफल पाहिलेले साक्षीदार होते आणि त्यांच्या जबान्या आयोगापुढे झाल्या. पण त्याच गाण्यात शवविच्छेदनानंतर काढलेल्या मेंदूचा उल्लेख येतो, तेव्हा डिलन काय करतात ते लक्षात घेण्यासारखे आहे. केनेडी यांचा जतन केलेला मेंदू राष्ट्रीय अभिलेखागारातील सामग्रीत नाही, हे १९६६ च्या मोजदादीत उघड झाले होते आणि कटाच्या पुस्तकांत त्यावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. डिलन त्या वाटेने जात नाहीत. आत्मा जिथे असायला हवा तिथे नव्हता आणि पन्नास वर्षे लोक तोच शोधत आहेत, असे सांगून ते गाणे पुराव्याच्या प्रदेशातून बाहेर काढतात. त्यानंतरचा मोठा उत्तरार्ध म्हणजे १९९५ मध्येच निवर्तलेल्या वुल्फमन जॅक या रेडिओ निवेदकाकडे केलेल्या फर्माइशी आहेत. त्यात १९६३ पूर्वीची गाणी आहेत आणि नंतरचीही, आणि शेवटची फर्माईश याच गाण्याची आहे.

आणखी एक संदर्भ द्यायला हवा. १३ डिसेंबर १९६३ रोजी, हत्येला तीन आठवडे होत असताना, न्यूयॉर्कमध्ये टॉम पेन पुरस्कार स्वीकारताना बावीस वर्षांच्या डिलन यांनी ओस्वाल्डमध्ये आपल्याला स्वतःचे काहीतरी दिसते असे म्हटले आणि सभागृहातून धिक्काराचे आवाज उठले. नंतर त्यांनी आयोजकांना मुक्तछंदात लांबलचक पत्र लिहून आपले म्हणणे समजावण्याचा प्रयत्न केला. ज्याने व्यासपीठावर उभे राहून थेट ‘मी’ म्हणून बोलण्याची किंमत त्या वयात मोजली, त्याने पुढे ‘मी’ अनेकांत वाटून दिला यात मला पळवाट दिसत नाही, कमावलेली रीत दिसते.

जुनी तबकडी

वरील विवेचन उत्तम आहे, मात्र मला वाटते की हा वाद सर्वांत ठळकपणे ‘द बर्ड्स’ या अमेरिकन रॉक गटात झाला आणि तोही एकाच गाण्यावरून. ‘ही वॉज अ फ्रेंड ऑफ माइन’ हे मुळात पारंपरिक लोकगीत आहे. हत्येच्या रात्रीच आपण त्याला नवे शब्द दिले, असे गटाचे गायक-गिटारवादक रॉजर मॅग्विन यांनी सांगितलेले आहे, आणि गटाने ते डिसेंबर १९६५ मधील ‘टर्न! टर्न! टर्न!’ या अल्बममध्ये घेतले. त्यात सहाव्या मजल्याच्या खिडकीतून एका बंदूकधाऱ्याने गोळ्या झाडल्या असे सरळ म्हटले आहे. आपली त्या माणसाशी कधी भेट झाली नाही, तरी तो मित्र होता, असे गाणारा म्हणतो. आणि या हत्येला काही हेतू नव्हता, काही कारण नव्हते, असेही म्हणतो.

१७ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टरे संगीत महोत्सवात हेच गाणे सुरू करण्यापूर्वी गटातले डेव्हिड क्रॉस्बी ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि त्यांनी श्रोत्यांना सांगितले की केनेडी यांच्यावर एका माणसाने गोळ्या झाडल्या नाहीत, त्या वेगवेगळ्या दिशांनी व वेगवेगळ्या बंदुकांतून आल्या, सत्य दडपले गेले आणि साक्षीदार मारले गेले. काळ लक्षात घ्यायला हवा. त्याच वर्षी १ मार्चला न्यू ऑर्लीन्सचे जिल्हा सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी तिथले व्यावसायिक क्ले शॉ यांना कटाच्या आरोपाखाली अटक करवली होती आणि वर्तमानपत्रे त्या प्रकरणाने भरलेली होती. (पुढे १ मार्च १९६९ रोजी ज्यूरीने शॉ यांना निर्दोष ठरवले.) क्रॉस्बी बोलून थांबले आणि लगेच गटाने खिडकीतल्या त्या एकट्या बंदूकधाऱ्याचे गाणे गायले!

मॅग्विन यांना हे मुळीच रुचले नाही. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत क्रॉस्बी यांना गटातून काढले गेले. त्यामागे गाण्यांच्या निवडीवरचे मतभेद आणि इतर कुरबुरी होत्याच. पण मॉन्टरेचे भाषण हा त्यातला एक दुवा होता, हे त्या काळाविषयी लिहिणारे अनेक जण नोंदवतात.

मला यात कोण राजकीयदृष्ट्या बरोबर होते याहून गाण्याचे काय झाले हे महत्त्वाचे वाटते. मॅग्विन यांच्या शब्दांतले दुःख ‘कारण नव्हते’ या कबुलीवर उभे आहे. एका क्षुल्लक माणसाने एका मोठ्या माणसाला संपवले आणि त्याचा काही अर्थ लागत नाही, हे सहन करणे फार कठीण आहे. कट मानला की त्या मृत्यूला निदान हेतू मिळतो, शत्रू मिळतो, संताप कोणावर करायचा ते कळते. क्रॉस्बी यांनी प्रामाणिक तळमळीने तो हेतू पुरवला आणि त्याच क्षणी गाण्याचा आधार काढून घेतला. बाजू घेण्याविरुद्ध माझा एवढाच आक्षेप आहे: गाण्याला न पेलणारी बाजू गाण्याबाहेरून त्याच्यावर लादू नये.

ध्वनिपट

संगीतकार आणि हा वाद यांचा विषय निघालाच आहे, तर एक घटना सांगायलाच हवी, कारण तीत एका वादकाच्या कानाने पुराव्याची दिशा बदलली.

अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या हत्या-चौकशी समितीने १९७९ मध्ये केनेडी यांची हत्या बहुधा कटातून झाली असा निष्कर्ष काढला. त्याचा मुख्य आधार डॅलस पोलिसांचे एक ध्वनिमुद्रण हा होता. एका मोटारसायकलवरील माइक उघडा अडकून राहिला होता असे मानून तज्ज्ञांनी त्या आवाजातून चार स्फोट वेगळे काढले आणि त्यांतला एक टेकाडावरून आल्याची शक्यता ९५ टक्के ठरवली. त्याच वर्षी एका अमेरिकन मासिकाने या ध्वनिमुद्रणाची पातळ प्लास्टिकची तबकडी अंकासोबत वाटली. ओहायोतील एका रॉक ड्रमरने ती घरी पुन्हापुन्हा वाजवली आणि तथाकथित गोळ्यांच्या जागी त्याला एक अस्पष्ट मानवी आवाज ऐकू आला. तो डॅलसचे शेरिफ डेकर यांचा होता. पोलीस रेडिओच्या दुसऱ्या वाहिनीवर त्यांनी आपल्या माणसांना दिलेला आदेश या वाहिनीवर झिरपला होता. मुद्दा असा की तो आदेश गोळीबारानंतर सुमारे एका मिनिटाने दिला गेला होता. मग त्याच्याशी एकाच वेळी नोंदलेले ध्वनी गोळ्यांचे कसे असतील?

राष्ट्रीय विज्ञान अकादमीने भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्झी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८२ मध्ये हेच मान्य करून टेकाडावरच्या गोळीचा ध्वनिपुरावा फेटाळला. २००१ मध्ये एका शोधनिबंधाने त्या निष्कर्षाला आव्हान दिले आणि २००५ मध्ये रॅम्झी समितीतील सदस्यांनी त्याला उत्तर दिले, त्यामुळे चर्चा पूर्ण मिटलेली नाही. मला मात्र १९८२ चा युक्तिवाद भक्कम वाटतो. मंद्रसप्तक, आपला मूळ आग्रह असा दिसतो की गाण्याने पुराव्याशी इमान राखावे. पुराव्याशी इमान म्हणजे काय ते त्या ड्रमरने दाखवले, पण ते काम ऐकण्याचे होते. गाणे रचण्याचे काम वेगळे, आणि त्याला हीच कसोटी लावणे मला योग्य वाटत नाही.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनेक आवाजांचा मुद्दा मला पटला आणि भुताच्या साक्षीचा मुद्दा तर फारच. ध्वनिपट यांच्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. गाणे न्यायालय नव्हे हे खरे. परंतु डिलन यांचे हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या गाण्यांच्या एका यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर असे प्रथमच घडले. कित्येक तरुण श्रोत्यांच्या मनात डॅलसचे पहिले चित्र या गाण्यातून उमटले असेल. तेव्हा कवीची जबाबदारी शून्य धरता येत नाही.

याच कारणाने गायक डिऑन यांनी गायिलेले १९६८ चे ‘एब्रहम, मार्टिन अँड जॉन’ मला अधिक जवळचे वाटते. लिंकन, किंग आणि दोन्ही केनेडी बंधू असे चार मृत्यू त्यात आहेत, पण मारेकऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. गाणारा फक्त विचारत राहतो की माझ्या मित्राला कोणी पाहिले का. रोलिंग स्टोन्सच्या ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ बद्दल कोणी लिहिले नाही, त्याविषयीही वाचायला आवडेल.

सहावी तार

जबाबदारीचा मुद्दा मान्य, आणि स्टोन्सच्या गाण्यात तोच मुद्दा उलटा होऊन येतो. त्याचे मुद्रण जून १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत चालू होते. त्याच दिवसांत, ५ जूनच्या पहाटे, लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. केनेडीला कोणी मारले, असा प्रश्न असलेली ओळ मिक जॅगर यांना बदलावी लागली आणि ती ‘केनेडी’ या नावाचे अनेकवचन करून प्रसिद्ध झाली. डिलन यांच्याकडे मारेकरी अनेकवचनी आहेत. इथे मेलेले अनेकवचनी झाले, आणि तो निर्णय कलावंताने स्वस्थपणे घेतलेला नव्हता, बातमीने त्याच्यावर आणला होता.

उत्तर देणारा सैतान आहे हे विसरू नये. तुम्ही आणि मी मिळून मारले, असे तो म्हणतो. हा दोषारोप खरा मानला तर श्रोता अपराधी ठरतो आणि खोटा मानला तर सैतानाने स्वतःवरचा दोष वाटून टाकला असे होते. यात ओस्वाल्डला जागा नाही आणि कटालाही नाही, कारण सर्वांनी मिळून केलेल्या गोष्टीला कट म्हणता येत नाही. माझ्या मते या विषयावरची सर्वांत धाडसी निवड हीच आहे, आणि आपण म्हणता त्या जबाबदारीच्या कसोटीवर ती डिलन यांच्या गाण्यापेक्षा अधिक अडचणीची आहे. सैतानाने नाव घेतले म्हणून श्रोत्याने ते स्वीकारावे का, यावर ‘जुनी तबकडी’ यांनीही लिहावे अशी विनंती करतो.