प्रकल्पातील डॉट-एन्व्हआरसी न विचारता लोड होऊ द्यावी का?

कोकणकडा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या टीममध्ये सगळेच डायरेन्व्ह हे फोल्डरनुसार टर्मिनलची सेटिंग आपोआप लावणारे साधन वापरतात. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शिरताच तिथली डॉट-एन्व्हआरसी फाइल चालते आणि डेटाबेसचा पत्ता, पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, चाचणीचे टोकन असे सगळे आयते हाताशी येते. मात्र या फाइलमध्ये कोणी किंचितही बदल केला, की फाइल अडवल्याची सूचना टर्मिनलमध्ये झळकते आणि ‘डायरेन्व्ह अलाऊ’ ही कमांड पुन्हा द्यावी लागते. आमच्याकडे रिपॉझिटरी (प्रकल्पांच्या कोडचे साठे) पुष्कळ असल्यामुळे हे वारंवार घडते, आणि आता फाइल उघडूनही न पाहता परवानगी देऊन टाकण्याची सर्वांना सवय लागली आहे. डायरेन्व्हच्या सेटिंगमध्ये व्हाइटलिस्टची, म्हणजे आधीच मान्य केलेल्या ठिकाणांच्या यादीची, सोय आहे. तिथे प्रीफिक्स (मार्गाचा सुरुवातीचा भाग) म्हणून कामाचे मूळ फोल्डर लिहिले, तर त्याखालच्या कोणत्याही फाइलसाठी विचारणा होणार नाही. लॅपटॉप एकाच व्यक्तीच्या वापरात असताना असे करण्यात खरोखर कितपत धोका आहे?

सांजवारा

डॉट-एन्व्हआरसीला आपण सेटिंगची फाइल म्हणतो, पण प्रत्यक्षात ती बॅश स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या कमांडची यादी, आहे आणि ती तुमच्या खात्याच्या पूर्ण अधिकारांनिशी चालते. म्हणजे तुमची एसएसएच की (सर्व्हरवर प्रवेशाची गुप्त किल्ली) वाचून बाहेर पाठवणारी एखादी ओळही तिच्यात बसू शकते. डायरेन्व्ह परवानगी लक्षात ठेवतो ती फाइलचा मार्ग आणि तिचा मजकूर या दोहोंच्या हॅशवरून (त्यांच्यापासून काढलेल्या ठशावरून), त्यामुळे मजकूर बदलला की परवानगी आपोआप रद्द होते. प्रीफिक्स लिहिल्यावर नेमके हेच संरक्षण जाते, कारण मग फाइल कुठे आहे एवढेच पाहिले जाते, तिच्यात काय लिहिले आहे ते नाही.

बाहेरच्या कोणाची पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घेण्याची विनंती) तपासण्यासाठी तुम्ही त्यांची ब्रांच चेकआउट केलीत, म्हणजे त्यांच्या फाइली आपल्या फोल्डरमध्ये आणल्यात, असे समजा. टर्मिनलला जोडलेला डायरेन्व्हचा हुक प्रत्येक प्रॉम्प्टच्या वेळी चालत असल्याने, तुम्ही त्यातली एकही ओळ वाचण्याआधी त्यांची स्क्रिप्ट तुमच्या यंत्रावर चाललेली असेल. लॅपटॉप एकट्याचा असल्याने इथे काहीच फरक पडत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ या आवृत्तीत ‘सेफ डिरेक्टरी’ची तपासणी आणली, ती दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरपासून वाचवते; पण तुम्ही स्वतः क्लोन केलेल्या फोल्डरचे मालक तुम्हीच असता.

मुळाक्षर

वरील धोका मला मान्य आहे, पण प्रश्नकर्त्यांनी मांडलेली अडचणही तितकीच खरी आहे. ज्या विचारणेला माणूस दर वेळी डोळे झाकून होकार देतो, ती असून नसल्यासारखीच. तेव्हा विचारणा बंद करण्याऐवजी ती क्वचितच येईल अशी फाइलची रचना करावी. डॉट-एन्व्हआरसी चार-पाच ओळींची ठेवून बदलत्या किमती डॉट-एन्व्ह फाइलमध्ये न्याव्यात आणि ‘डॉटएन्व्ह’ या सूचनेने ती वाचावी. त्या फाइलमधून फक्त नावे आणि किमती घेतल्या जातात, कमांड चालवल्या जात नाहीत, आणि ती बदलली तरी नव्याने परवानगी लागत नाही.

मात्र ही डॉट-एन्व्ह फाइल रिपॉझिटरीत ठेवू नये, नुसती नमुना फाइल ठेवावी. ‘पाथ’ (प्रोग्राम कुठे शोधायचे) किंवा ‘एलडी प्रीलोड’ (प्रोग्रामसोबत आधी काय लोड करायचे) यांसारख्या व्हेरिएबलची किंमत बदलली, तर केवळ माहिती भासणारी ओळसुद्धा परका प्रोग्राम चालवू शकते. टोकनही त्यामुळे आपसूकच रिपॉझिटरीबाहेर राहते. उरलेल्या चार ओळींच्या बदलाला कोडओनर्समार्फत (कोणत्या फाइलला कोणाची संमती हवी ते ठरवणाऱ्या यादीमार्फत) दुसऱ्याची संमती सक्तीची करावी.

रातराणी

माहितीच्या फाइलवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही, याचे विम हा एडिटर ठळक उदाहरण आहे. मोडलाइन म्हणजे मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहिलेली सेटिंगची ओळ. ती सँडबॉक्समध्येच, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या कुंपणात, वाचली जात असे, तरीही २०१९ मध्ये त्या सँडबॉक्समधून बाहेर पडण्याची वाट सापडली आणि नुसती फाइल उघडल्याने कमांड चालवता येते, हे सिद्ध झाले. पुढे विमवरूनच निघालेल्या निओविमने २०२३ मधील ०.९ आवृत्तीत प्रकल्पातील सेटिंग फाइलसाठी मजकुराच्या हॅशवर आधारलेली परवानगी आणली. व्हीएस कोड या एडिटरचा वर्कस्पेस ट्रस्ट फोल्डरवर विश्वास ठेवतो, पण तो विश्वास न देताही मर्यादित स्वरूपात कोड वाचता येतो. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. टर्मिनलमध्ये तसेच हवे असेल, तर ब्रांच फेच करून (आपल्या फाइली न बदलता नुसती उतरवून) चेकआउटपूर्वी गिट डिफने फक्त डॉट-एन्व्हआरसीतला फरक पाहावा.

कोकणकडा

सर्वांचे आभार. प्रीफिक्सचा विचार सोडतो आणि डॉट-एन्व्ह वेगळी करतो. एक शंका उरते: आमच्या जुन्या रिपॉझिटरी ‘सोर्स एन्व्ह’ ही सूचना वापरून एक सामाईक स्क्रिप्ट ओढतात. तिच्यातला बदल डायरेन्व्ह पकडतो का?

मुळाक्षर

नाही. ‘सोर्स एन्व्ह’ने ओढलेल्या फाइलला वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून ही वाट आधी बंद करा. सामाईक स्क्रिप्ट एखाद्या वेब पत्त्यावर ठेवून ‘सोर्स यूआरएल’ने घ्या. त्या सूचनेत स्क्रिप्टचा हॅश लिहावा लागतो, त्यामुळे स्क्रिप्ट बदलली की हॅश जुळत नाही, आणि नवा हॅश लिहिताच डॉट-एन्व्हआरसी बदलून परवानगी पुन्हा मागितली जाते.